इंटरकॉमवर मॉडेम लावलाय, 'नो डायलटोन' येतंय

बी-७०१: नमस्कार, जरा मदत हवी होती. ई-कचऱ्याच्या ढिगात दोन जुने डायल-अप मॉडेम सापडले, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ते आपल्या इंटरकॉमवरून एकमेकांशी जोडायचेत. एक माझ्याकडे आहे, एक सी-१०४ च्या काकांकडे लावलाय. एटीडीटी (डायल करायची कमांड) आणि पुढे काकांचा इंटरकॉम नंबर ३१०४ टाकलं की लगेच 'नो डायलटोन' येतं. फोन उचलला तर टोन व्यवस्थित ऐकू येतो. मॉडेम गेलाय का?

सेक्रेटरी: इंटरकॉम सिक्युरिटीसाठी आहे. त्यावर नेट चालू करू नये.

बी-७०१: काका नेट नाहीये, दोन फ्लॅटमधला साधा कॉलच आहे, रात्री दहानंतर लावतो

सी-१०४ काका: करू द्या हो पोराला. दोन हजार साली माझा सायबर कॅफे होता, या डब्यांनी माझे निम्मे केस पांढरे केलेत. आधी अ‍ॅडॅप्टर बघ, त्यावर आउटपुट एसी लिहिलंय का डीसी, कारण काही एक्सटर्नल मॉडेमना ९ व्होल्ट एसीच लागतो आणि घरात सापडला तो चार्जर खुपसला की पुढचं सगळं राहूनच जातं. नुसतं एटी टाकून एंटर मारलं तर ओके येतं ना?

बी-७०१: हो येतं. लॅपटॉपला मॉडेम जोडायचा कॉम पोर्टच नाही म्हणून यूएसबीचा कन्व्हर्टर लावलाय, आधी स्क्रीनवर काहीतरी भलतीच अक्षरं येत होती, पुट्टीमध्ये (मॉडेमला कमांड द्यायचं सॉफ्टवेअर) स्पीड बदलला तेव्हा सरळ झालं

बी-५०२: आज पाणी किती वाजता येणारे???

ए-२०३ काकू: ओके येतंय म्हणजे मॉडेम जिवंत आहे रे, त्याला आपल्या इंटरकॉमचा टोन ओळखता येत नाहीये एवढंच. मी एक्स्चेंजलाच होते म्हणून सांगते, आपल्याकडचा डायलटोन ४०० हर्ट्झचा, त्यावर २५ ची थरथर, आणि अमेरिकेत ३५० आणि ४४० दोन्ही एकदम वाजतात, त्यात आपल्या इंटरकॉमची पेटी कुठल्या कंपनीची आणि ती काय वाजवते देव जाणे, तुझा मॉडेम बाहेरच्या सेटिंगचा असला तर त्याला तो टोन टोन वाटतच नाही. एटीएक्स३ दे आणि मग डायल कर. म्हणजे टोनची वाट न बघता सरळ नंबर फिरवेल.

सी-१०४ काका: अगदी बरोबर! विंडोज ९८ मध्ये यासाठी चौकोन होता, 'डायल करण्याआधी टोनची वाट बघा', त्यातली टिक काढायची. एरर ६८० आला की गिऱ्हाईक लगेच बोंब मारायचं नेट बंद आहे म्हणून. ६८० म्हणजे टोन नाही, ६७८ म्हणजे पलीकडे कोणी उचलत नाही, ६९१ म्हणजे पासवर्ड चुकला. ६९१ ला तर मी आधी कॅप्स लॉकच बघायचो.

बी-७०१: काकू यू आर ग्रेट 🙏 डायल झालं. काकांकडे रिंग वाजतेय पण तिकडचा मॉडेम उचलत नाही

ए-२०३ काकू: तो आपणहून नाही उचलणार. तिकडे एटीएस०=१ दे, पहिल्या रिंगला उचलेल. किंवा रिंग वाजत असताना काकांना एटीए टाकायला सांग.

बी-७०१: उचलला!! पण पीईईई करून मग खर्रर्र खर्रर्र आणि अर्ध्या मिनिटानं 'नो कॅरियर', म्हणजे कनेक्शन तुटलं. तीनचार वेळा तेच

सी-१०४ काका: काय तो आवाज, सगळा काळ डोळ्यासमोर आला 😄

ए-२०३ काकू: तो आवाज नीट ऐक, बिघाड कुठे आहे ते तोच सांगतो. पीईई म्हणजे पलीकडच्याचं उत्तर, २१०० हर्ट्झ, त्यानं लाईनवरचे इको काढणारे यंत्र गप्प बसतात. खर्रर्र सुरू झालं म्हणजे दोघे मिळून लाईन तपासतायत, कितीपर्यंत झेपेल ते. तिथे तुटतंय ना, मग कॉम्प्युटरमध्ये डोकं घालू नकोस, दोष वायरमध्ये आहे. एक काम कर, दोन्ही टोकांना साधा फोन लाव, उचलून एक आकडा दाब म्हणजे टोन थांबेल, आणि शांतपणे ऐक. घुंऽऽ किंवा चरचर येतेय का?

बी-७०१: माझ्याकडे एकदम क्लीन. काकांकडे चांगलीच घुंघुं आहे

ए-२०३ काकू: पॅरलल फोन आहे का हो तुमच्याकडे, त्याच लाईनवर दुसरा?

सी-१०४ काका: आहे ना, स्वयंपाकघरात. आणि आमची ही मधेच उचलून हॅलो कोण करते.

ए-२०३ काकू: तो आधी काढा. आणि जिन्याखालचा डीपी बॉक्स (सगळ्या फोनच्या वायरी जोडलेली पेटी) वायरमनकडून उघडून घ्या, सी विंगच्या त्या कोपऱ्यात दर पावसात ओल येते.

सेक्रेटरी: वायरमन उद्या गेटच्या कॅमेऱ्यासाठी येणारच आहे. त्यालाच सांगतो. सी विंगमधून गेटला फोन केला की खरखर येते अशी तक्रार आधीपासून आहेच.

सी-१०४ काका: बघा, पोराच्या प्रोजेक्टमुळे काम मार्गी लागलं. आणि बेटा, वीज कडाडायला लागली की फोनची वायर आधी उपट हं. माझे मॉडेम गेले ते बहुतेक जूनमध्येच, लाईनमधून झटका यायचा आणि आतून जळका वास.

*(दुसऱ्या दिवशी)*

सेक्रेटरी: डीपीमध्ये सी-१०४ च्या जोडीचा स्क्रू हिरवागार झाला होता. वायर कापून नवीन जोड दिलाय. आता बघा.

बी-७०१: कनेक्ट २८८०० 🎉🎉 पण मॉडेमवर तर ५६के, म्हणजे सेकंदाला ५६००० बिट, छापलंय, मग अर्ध्यावरच का?

ए-२०३ काकू: ५६के मिळायला एका टोकाला डिजिटल लाईन लागते, प्रोव्हायडरकडे ती असायची. घराघरातले दोन साधे मॉडेम जोडले तर जास्तीत जास्त ३३६००. तुला २८८०० मिळालेत, या वायरिंगवर उत्तम आहे. मधेच तुटायला लागलं तर स्पीड अजून खाली बांधता येतो, एटी प्लस एमएस कमांड बघ, ती प्रत्येक चिपला वेगळी असते म्हणून मॅन्युअल शोध.

सी-१०४ काका: फाईल पाठवायला झेडमॉडेम ही पद्धत वापर, मधे तुटली तरी राहिलेली पुढे चालू करता येते.

बी-७०१: ओके. १ एमबीचा एक फोटो पाठवतोय, पाचेक मिनिटं लागतील, तोपर्यंत प्लीज ३१०४ ला कोणी फोन लावू नका. काकू हॅलो म्हणणार नाहीत ना काका?

सी-१०४ काका: फोनच कपाटात ठेवलाय.