‘बेपत्ता’ कळवलेल्या आजोबांचा शोध : यासाठी सरकारी पैसा मिळतो का?

वेण्णाकाठची

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. १९४४ च्या उन्हाळ्यात इटलीहून तार आली, ‘बेपत्ता’. काही महिन्यांनी दुसरा कागद आला, ‘मृत समजण्यात येत आहे’. पेन्शन सुरू झाली, पण थोरल्या आजीने कुंकू पुसलं नाही. “बेपत्ता म्हंजे मेला न्हवं,” एवढंच म्हणायची. गेली तेव्हाही कपाळावर कुंकू होतं.

तिच्या ट्रंकेत त्यांचं इटली स्टार हे युद्धपदक आहे, सहा टोकांचा तारा. फीत लाल, पांढरी, हिरवी. फितीची एक कड पार विरलीय, कारण रोज रात्री ती तेवढीच कड अंगठ्याने चोळत बसायची. आता ती ट्रंक माझ्याकडे आहे.

अरुणाचलच्या डोंगरात दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या विमानांतली स्वतःची माणसं शोधायला अमेरिका अजून पथकं पाठवते असं वाचलं. आपल्याकडे असा काही निधी, खातं, योजना आहे का? मी एका कार्यालयाला दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. नुसता अर्ज कुठे करायचा एवढं कळलं तरी चालेल.

निवृत्त_सुभेदार

ताई, आधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे महायुद्धांत गेलेल्या जवानांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या यादीत नाव बघा. फौजेत इंग्रजीत नावं कशीही लिहायचे, म्हणून चार-पाच तऱ्हांनी शोधा. सर्व्हिस नंबर असेल तर उत्तमच.

नाव सापडलं की ते कुठल्या स्मारकावर कोरलंय ते नीट पाहा, कारण त्यातच मेख आहे. हिंदू आणि शीख जवानांचं जमेल तिथे दहन करायचे. फोर्ली आणि सांग्रो नदीकाठच्या दफनभूमीत दहन झालेल्यांची वेगळी स्मारकं आहेत. नाव तिथे असेल तर तुमच्या आजोबांवर रीतसर अंत्यसंस्कार झालेत, शोधायला काही उरलेलं नाही. पण नाव इटलीतल्याच कॅसिनो गावच्या स्मारकावर असेल तर देह मिळाल्याची नोंद नाही असं समजा.

तुमच्या आजोबांच्याच पलटणीतले नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने पाडलं, आणि लगेच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी गेले. व्हिक्टोरिया क्रॉस (व्हीसी), म्हणजे शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालं. माणगावात पुतळा आहे, पण देह सापडला नाही. त्यांचंही नाव कॅसिनोलाच आहे. व्हीसीवाल्याची ही गत, मग साध्या शिपायाला कोण शोधणार, असं मला नेहमी वाटतं.

सूक्ष्मदर्शी

अमेरिकेबद्दल सांगते. तिथे हे काम संरक्षण खात्याच्या एका स्वतंत्र संस्थेकडे आहे. २०१५ मध्ये आधीची खाती एकत्र करून ती उभी केली. दरवर्षी दहा कोटी डॉलरहून जास्त तरतूद असते. दुसऱ्या महायुद्धापासूनचे बेपत्ता ८१,००० च्या वर आहेत, त्यातले निम्म्याहून अधिक समुद्रात गेलेले. सगळे सापडणार नाहीत हे त्यांनाही माहीत आहे. तरी वर्षाला किमान २०० जणांची ओळख पटवण्याची क्षमता उभी करा, असं त्यांनी कायद्यातच लिहून टाकलं.

यात सगळं काम खोदकामाचं नसतं. पर्ल हार्बरला जपानी हल्ल्यात बुडालेल्या ‘ओक्लाहोमा’ जहाजावरचे ४२९ जण गेले, त्यातले जवळपास ३९० ‘अज्ञात’ म्हणून हवाईत पुरलेले होते. २०१५ मध्ये त्या कबरी उघडल्या आणि पुढच्या काही वर्षांत साडेतीनशेहून जास्त जणांची नावं लागली. हाडं मिसळलेली होती, एकेका पेटीत कितीतरी माणसांची. नावं लागली ती नातेवाइकांचे डीएनए नमुने हाताशी होते म्हणून. हाड सापडलं आणि जुळवायला नमुनाच नसला तर ते हाड पुन्हा ‘अज्ञात’च राहतं.

अरुणाचलच्या कामात आपणही आहोत. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विद्यापीठाने २०२१ मध्ये त्या अमेरिकी संस्थेशी करार केलाय. म्हणजे ज्ञान आपल्याकडे आहे.

रोखठोक

भावना समजतात. पण ऐंशी वर्षांपूर्वीच्या हाडांवर सरकारने पैसा का घालावा? १९७१ च्या युद्धातल्या बेपत्तांचं काय? सरकारनेच संसदेत पाकिस्तानच्या ताब्यात असल्याचा संशय असलेल्या ८३ जणांचा आकडा दिलाय, सगळे १९७१ चेच नसले तरी. २००७ मध्ये त्यांचे १४ नातेवाईक तिथले तुरुंग पाहून आले, हाती काही लागलं नाही. आधी त्यांचं बघा. आणि इटलीत लढली ती इंग्रजांची फौज होती.

वेण्णाकाठची

सुभेदारकाका, नाव सापडलं. तिसऱ्या तऱ्हेने लिहून पाहिल्यावर. कॅसिनो. स्क्रीनवर आजोबांच्या वडिलांचं नाव, गावाचं नाव आलं आणि मला पुढचं काही दिसेना.

रोखठोक, १९७१ वाल्यांचा हक्क आधीचा, याबद्दल माझं काही म्हणणंच नाही. पण त्यांच्यासाठी तरी कायमची यंत्रणा कुठे आहे? एक यंत्रणा झाली तर त्यांनाही तीच लागणार. इंग्रजांची फौज म्हणाल, तर वॉर ग्रेव्हज कमिशनचा खर्च सहा देश उचलतात आणि त्यात भारत आहे. त्या स्मारकांच्या देखभालीला आपण आजही वर्गणी भरतो. दगडावरचं नाव आपलं मानलंय, मग माणूस परका कसा?

सापडत नाही असंही नाही. इटलीतच १९९६ मध्ये पोज्जो आल्तोला दोन सांगाडे निघाले. ते फ्रंटियर फोर्स रायफल्सचे दोन शिपाई निघाले आणि २०१९ मध्ये त्यांच्या अस्थी हरियाणात आल्या. कोणी शोधायला गेलं नव्हतं, आपसूक निघाले. रोहतांगजवळ १९६८ मध्ये कोसळलेल्या हवाई दलाच्या विमानातले १०२ जण बघा, लष्कराने मोहिमा सोडल्या नाहीत म्हणून २०२४ मध्येही चार देह मिळाले.

मला इटलीत फावडी घेऊन माणसं पाठवा असं म्हणायचंच नाही. आजोबांची एक बहीण आहे, आमची आत्याआजी. ९३ वर्षांची. ती गेली की आजोबांशी जुळवता येईल असं जवळचं रक्त संपलं. खोदकामाला पैसा नसेल तर नसू दे. अशा घरांतून नमुने तरी घेऊन ठेवा. गालाच्या आतून फिरवायचा एक बोळा, त्याला असा किती खर्च येणार?

सूक्ष्मदर्शी

आत्याआजी म्हणजे सर्वात उत्तम. आईकडून येणारा डीएनए सख्ख्या भावंडांत सारखाच असतो, आणि जुन्या हाडांतून बहुतेकदा तोच हाती लागतो. तुमच्या वडिलांकडून तो मिळणार नाही. आत्याआजींना मुलगी असेल तर तिचाही चालेल, त्या मुलीच्या मुलांचाही. तेव्हा रक्त संपलं असं लगेच म्हणू नका.

दक्षिण कोरियात नेमकं तुम्ही म्हणता तेच होतं. संरक्षण खात्याचं पथक शोध घेतं आणि लांबच्या नातेवाइकांचेही नमुने जमवतं. नमुन्यामुळे ओळख पटली तर कुटुंबाला बक्षीसही देतं. जपानने २०१६ मध्ये कायदा करून अस्थी शोधणं ही सरकारची जबाबदारी ठरवली.

रोखठोक

नमुन्यांचं पटलं. १९७१ च्या घरांतूनही घ्यायला हवेत, तिथेही आईबाप राहिले नाहीत आता.

वेण्णाकाठची

रविवारी आत्याआजीकडे जाऊन आले. तिला ऐकू कमी येतं, पण भावाचं नाव मोठ्याने घेतलं तशी मान वर केली. कॅसिनोच्या स्मारकाचा फोटो मोबाइलवर दाखवला. तिने विचारलं, “एवढ्या नावांत आपला कंचा?” मी बोट ठेवलं. अक्षरं इंग्रजी, तिला वाचता येत नाहीत. तरी बराच वेळ बघत होती.

तिला एक मुलगी आहे, कऱ्हाडला. ती नमुना द्यायला तयार आहे. पण देऊ कुणाला? खासगी लॅबमध्ये दिला तर पुढे चालेल का?

सूक्ष्मदर्शी

घरच्या घरी घेऊन ठेवलेला नमुना सरकारी कामात सहसा धरत नाहीत. कुणाचा, कुणासमोर घेतला, सीलबंद होता का, हे सगळं विचारतात. पण आत्याआजींच्या वयाकडे बघता काहीच नसण्यापेक्षा तो बरा. डॉक्टरांसमोर घ्या, सही-तारीख घाला, कोरडा ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, कागदी पाकिटात.

निवृत्त_सुभेदार

आणि ताई, सर्व्हिस नंबर, ती तार आणि दुसरा कागद यांच्या प्रती काढा. अर्ज मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगावातल्या मुख्य केंद्राला (रेजिमेंटल सेंटर) करा, एक प्रत संरक्षण मंत्रालयाला. मराठीत मजकूर पाठवा, इंग्रजीत मी करून देतो. मी बेळगावातच असतो. पोस्टाने नको, मी स्वतः नेऊन देतो आणि पोच घेतो.