दुसरं परमिट वाया जात नाही

अमेरिकेत घरच्या स्टेटचं कॅरी परमिट (अंगावर गन बाळगायचा परवाना) असताना युटाचं नॉन-रेसिडेंट (युटात न राहणाऱ्यांना मिळणारं) परमिट कशाला, पैसे वाया, असं म्हणताय पण मला नाही पटत. डिसेंबर २०१५ मध्ये व्हर्जिनियाने एका झटक्यात २५ राज्यांची परमिटं आपल्या हद्दीत मानणार नाही म्हणून जाहीर केलं, ज्या सहा राज्यांची परमिटं चालणार होती त्यांत मात्र युटा होतं. महिनाभरात तो निर्णय फिरला हे खरं, पण तेवढ्यात लोकांच्या तोंडचं पाणी पळालं ना!

पण प्लीज, घरचं सोडून फक्त बाहेरच्यावर राहू नका, पेनसिल्व्हेनियाने २०१३ मध्ये फ्लोरिडात न राहणाऱ्यांची फ्लोरिडा परमिटं मानणं बंदच केलं. आणि न्यू जर्सीत तर कुठलंच बाहेरचं चालत नाही, फिलीवरून (फिलाडेल्फिया, पेनसिल्व्हेनिया) न्यू जर्सीत जाणारा पूल ओलांडायच्या आधीच गन रिकामी करून डिकीत कुलपात टाका.