आरव्हीतलं बेसिन: आधी एअर व्हॉल्व्ह तपासा

आरव्हीतल्या (राहायची सोय असलेल्या गाडीतल्या) बेसिनचं पाणी हळूहळू जात असेल, तर ड्रेन क्लीनर (तुंबलेला पाइप मोकळा करायचं रसायन) ओता असं कुणी सांगतं, ते कृपया करू नका. आरव्हीचे पाइप प्लॅस्टिकचे, सील रबरी. तीव्र रसायनाने ते खराब होतात. ग्रे टँक, म्हणजे बेसिन-शॉवरचं सांडपाणी साठवणारी टाकी, भरली असेल तर पाणी आधी शॉवरमध्ये वर येतं, कारण तो सगळ्यात खाली असतो.

आमच्या ट्रेलरमध्ये टाकी रिकामी होती, बेसिनच्या भोकातल्या स्टॉपरला (बुचाला) केस अडकले नव्हते, तरी पाणी गुडगुडत हळूहळू जायचं. दोष निघाला बेसिनखालच्या एअर व्हॉल्व्हचा, म्हणजे पाइपात हवा आत घेणाऱ्या झडपेचा. तो चिकटून बसला होता, पाइपात हवाच शिरत नव्हती. हाताने फिरवून काढला आणि पाणी झरकन गेलं! नवा लगेच बसवा मात्र. भोक उघडं राहिलं तर टाकीतला वायू आत येतो.