ब्लॉग वाचायला सोपा करायचा तर प्लगिन वाढवायचे की मजकूर नीट करायचा?

स्वल्पविराम

ब्लॉगवर वाचक टिकत नाहीत अशी तक्रार कुणी केली की पहिला सल्ला ठरलेला असतो: अमुक एक प्लगिन (ब्लॉगला नवी सोय जोडणारा छोटा प्रोग्राम) टाका. संबंधित लेख दाखवणारे, अनुक्रमणिका बनवणारे, शेअरची बटणे कडेला तरंगत ठेवणारे, लेख वाचायला किती मिनिटे लागतील ते सांगणारे. वर्डप्रेस या ब्लॉग चालवण्याच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत भांडारातच हजारोंनी मोफत प्लगिन पडलेली आहेत, त्यामुळे सल्ल्यांना तोटा नाही. माझे मत असे की वाचक बहुतेक वेळा मजकुरात अडतो, आणि तिथली अडचण प्लगिनने सुटत नाही, फार तर झाकली जाते.

उदाहरण घेऊ. ब्लॉगचा बॅकअप कसा घ्यावा यावर कुणीतरी मेहनतीने लेख लिहिला आहे. शीर्षक आहे 'काही तांत्रिक नोंदी, भाग ४'. पहिल्या परिच्छेदात भाग ३ ला मिळालेल्या प्रतिसादाबद्दल आभार. दुसऱ्यात बरेच दिवस लिहिणे का जमले नाही याची कारणे. बॅकअप हा शब्द पहिल्यांदा येतो तो चौथ्या परिच्छेदात. शोधयंत्रातून फोनवर आलेला वाचक अंगठ्याने दोनदा पान सरकवतो आणि परत जातो. आता या पानावर अनुक्रमणिकेचे प्लगिन बसवा. ते अनुक्रमणिका बनवणार कशातून? लेखात उपशीर्षके नाहीतच. विषय बदलतो तिथे लेखकाने नुसते एक वाक्य ठळक केले आहे. प्लगिन हेडिंगचे टॅग, म्हणजे उपशीर्षकाची कोडमधली खूण, शोधते, त्याला ठळक अक्षरांशी देणेघेणे नाही. हाती काहीच लागत नाही.

तोच लेख असा करून बघा. शीर्षक: 'वर्डप्रेस ब्लॉगचा बॅकअप: काय काय जपायचे आणि कुठे ठेवायचे'. पहिले वाक्य: 'डेटाबेसमध्ये तुमचे लेख आणि प्रतिक्रिया असतात, चित्रे आणि थीम (ब्लॉगचे रंगरूप) वेगळ्या फोल्डरमध्ये, एकच जपले तर ब्लॉग अर्धाच परत येतो.' आभार आणि कारणे काढून टाका. ठळक वाक्यांची खरी उपशीर्षके करा. कुठलेही प्लगिन न घेता पान वापरायला सोपे झाले.

वेबसाइट वापरायला किती सोप्या आहेत याचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी १९९७ साली नोंदवले होते की त्यांच्या चाचणीतले ७९ टक्के लोक नवे पान नुसते चाळतात आणि शब्दन् शब्द वाचणारे १६ टक्केच असतात. चाळणारा वाचक आळशी असतो असे मला वाटत नाही. आपल्याला हवे ते इथे आहे का, एवढे तो बघत असतो आणि त्याचे उत्तर त्याला लवकर मिळायला हवे. म्हणून नवे प्लगिन घेण्याआधी सर्वांत जास्त वाचले जाणारे लेख उघडा आणि त्यांची शीर्षके व पहिले परिच्छेद दुरुस्त करा, असे माझे म्हणणे आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी आवर्जून लिहावे.

सर्व्हरवाला

पटत नाही. मजकूर सोन्यासारखा आहे, पण पानच उघडत नसेल तर तो वाचणार कोण?

वर्डप्रेसमध्ये दर भेटीला पीएचपी भाषेतला कोड चालतो, डेटाबेसला प्रश्न जातात, उत्तरे येतात आणि मग पान तयार होते. कॅशिंगचे प्लगिन ते पान एकदा बनवून ठेवते आणि पुढच्यांना तयार प्रत देते. स्वस्तातल्या होस्टिंगवर हा फरक डोळ्यांना दिसतो. गुगलचा निकष असा आहे की पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा. मार्च २०२४ पासून आणखी एक मोजमाप मुख्य निकषांत आले: वाचकाने काही दाबले की पानाने २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद द्यावा. पहिला परिच्छेद कितीही सुरेख लिहिलात तरी हे आकडे हलणार नाहीत.

दुसरे म्हणजे स्पॅम. अकिस्मेट हे स्पॅम अडवणारे प्लगिन २००५ पासून आहे आणि त्याला कारण आहे. प्रतिक्रियांमध्ये जाहिरातींचा कचरा साचला की खरी चर्चा करणारी माणसे निघून जातात. तो कचरा रोज हाताने वेचायचा का? आणि तुमच्याच उदाहरणातला बॅकअपचा लेख वाचून वाचक शेवटी काय करतो? बॅकअपचे प्लगिन बसवतो, कारण डेटाबेस हाताने एक्स्पोर्ट करणे दर आठवड्याला कुणाकडूनही होत नाही.

'आधी मजकूर' हा सल्ला ऐकायला उदात्त वाटतो. पण ज्याचा ब्लॉग हॅक झाला आहे त्याच्या तो कामाचा नाही.

मधली_सुट्टी

मी ब्लॉग लिहीत नाही, फक्त वाचते, म्हणून वाचकाच्या बाजूने लिहिते.

फोनवर एक लेख उघडला. तीन ओळी वाचल्या तोच 'ईमेलने लेख मिळवा' अशी चौकट सगळ्या पडद्यावर आली. तिची बंद करायची फुली वरच्या कोपऱ्यात होती आणि त्याच कोपऱ्यावर कुकीजची पट्टी बसली होती. म्हणजे आधी पट्टी घालवायची, मग चौकट. दोन्ही गेल्यावर पुन्हा वाचायला लागले तर वर कुठेतरी जाहिरात येऊन बसली, मजकूर खाली घसरला आणि बोट भलत्याच दुव्यावर पडले. लेख चांगला होता की वाईट, मला शेवटपर्यंत कळले नाही.

यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या प्लगिनने आणलेली असते. वाचकाला सोपे जावे म्हणूनच ती बसवली, असे ब्लॉगवाले मनापासून सांगतात.

सर्व्हरवाला

@मधली_सुट्टी, त्रास खरा आहे, पण दोष प्लगिनचा नाही. चौकट तिसऱ्या ओळीला उघडायची की लेख संपल्यावर, हे ब्लॉगवाल्याने सेटिंगमध्ये ठरवलेले असते. मजकूर घसरण्यालाही गुगलचे मोजमाप आहे आणि ते ०.१ च्या आत असावे लागते. जाहिरातीसाठी जागा आधीच राखून ठेवली तर मजकूर जागचा हलत नाही.

स्वल्पविराम

@सर्व्हरवाला, कॅशिंग, स्पॅम आणि बॅकअप हे तिन्ही मुद्दे मला मान्य आहेत. पण या तिन्हींत एक साम्य बघा: वाचकाला यांतले एकही प्लगिन दिसत नाही. ती पडद्यामागे राबतात. माझा विरोध पानावर येऊन बसणाऱ्या प्लगिनांना आहे, आणि सल्ले नेमके त्यांचेच दिले जातात.

वेगाचेच म्हणाल तर, तो कशाने घटतो? बरीच प्लगिन आपली स्टाइलशीट (रूप ठरवणारी फाइल) आणि स्क्रिप्ट (कोडची फाइल) प्रत्येक पानावर चढवतात. 'कॉन्टॅक्ट फॉर्म ७' हे प्रचंड वापरले जाणारे, चांगले प्लगिन आहे. पण तेसुद्धा मुळात प्रत्येक पानावर आपल्या फायली पाठवते, मग त्या पानावर फॉर्म असो वा नसो. ते थांबवता येते, पण किती जण थांबवतात? मग असा भार वाढला की वेग वाढवायला आणखी एक प्लगिन येते.

शिवाय पूर्वी ज्यासाठी प्लगिन लागायचे ते आता वर्डप्रेसच्या गाभ्यातच आले आहे. वेगवेगळ्या पडद्यांसाठी चित्रांचे वेगवेगळे आकार २०१५ च्या शेवटी आलेल्या ४.४ मध्ये आले. चित्रे गरजेनुसार उतरवणे आणि शोधयंत्रांसाठीचा साइटमॅप (ब्लॉगवरच्या पानांची यादी) ऑगस्ट २०२० च्या ५.५ मध्ये. तरीही त्याच कामांची जुनी प्लगिन असंख्य ब्लॉगांवर अजून चालू आहेत, कारण बसवताना सगळ्यांना उत्साह असतो आणि काढायची आठवण कुणालाच राहत नाही.

ग्रंथपाल

मी मधल्या बाजूचा, पण धागाकर्त्याच्या विरोधात थोडा जास्त झुकलेला.

तुमचा उपाय लहान ब्लॉगला लागू पडतो. ज्या ब्लॉगवर पंधरा वर्षांचे लिखाण साठले आहे तिथे वरचे काही लेख सुधारून भागत नाही, कारण तिथे वाचकाची अडचण वेगळी असते. त्याला लेख सापडतच नाही. वर्डप्रेसचा मूळ शोध शीर्षक, सारांश आणि मजकूर एवढेच बघतो. ऑक्टोबर २०१३ च्या ३.७ आवृत्तीपर्यंत तर निकाल फक्त तारखेप्रमाणे लागायचे. आता जुळणीप्रमाणे लागतात, पण वर्ग, टॅग आणि प्रतिक्रिया अजूनही शोधात येत नाहीत. कितीतरी ब्लॉगांवर खरी माहिती प्रतिक्रियांमध्येच असते! एखादी वेलांटी चुकली तरी 'काही सापडले नाही' असे कोरे पान समोर येते. इथे शोधाचे चांगले प्लगिन हवेच. मजकूर कितीही घासलापुसला तरी ही उणीव भरून निघत नाही.

तुटलेल्या दुव्यांचेही तसेच. जुन्या लेखातला कुठला दुवा मेला आहे हे डोळ्यांनी शोधत बसणे अशक्य आहे. तपासणीचे प्लगिन यादी काढून देते. मेलेल्या दुव्याच्या जागी काय द्यायचे ते मात्र माणसालाच ठरवावे लागते, एवढे तुमचे खरे.

आणि जे जुने लेख सुधारायला बसतील त्यांना कळकळीची विनंती: लेखांचे वेबपत्ते मोडू नका. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावले होते की चांगले पत्ते बदलत नसतात. लेखाचा नुसता स्लग (पत्त्यातला शेवटचा भाग) बदलला तर वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून नव्याकडे आपणहून पाठवते. पण दोन लेख एकत्र करून त्यातला एक काढून टाकलात तर ३०१, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे वळण, तुम्हालाच लावावे लागते. नाहीतर वर्षानुवर्षे लोकांनी दिलेले दुवे एका फटक्यात मरतात.

कानसेन

मी पडदा बघत नाही, स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामने, ऐकते. त्यामुळे या वादात माझी बाजू ठाम आहे.

नवे पान उघडले की मी एनव्हीडीए या माझ्या स्क्रीन रीडरमध्ये एच दाबते आणि एका हेडिंगवरून दुसऱ्यावर जाते. तुमचे चाळणे नजरेने होते, माझे या बटणाने. ठळक केलेले वाक्य माझ्यासाठी हेडिंग नसते, तेव्हा वरच्या त्या बॅकअपच्या लेखात मला आरंभापासून सगळे ऐकत बसावे लागेल, आभारांसकट. कधी मी पानावरच्या नुसत्या दुव्यांची यादी मागवते. मग ऐकू येते: येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, अधिक वाचा, येथे क्लिक करा. कुठला दुवा कुठे नेतो हे कळायला मार्ग नाही. चित्राला पर्यायी मजकूर (चित्रात काय आहे ते सांगणारा) नसेल तर कधी फायलीचे नाव वाचले जाते, आकडे आणि अक्षरे मिळून. ही तिन्ही कामे लिहिणाऱ्याची आहेत आणि लिहितानाच करायची आहेत.

यावर उपाय म्हणून लोक सुलभतेचे तयार प्लगिन बसवतात, ते अक्षर मोठे करणारे आणि मजकूर वाचून दाखवणारे. मला त्याचा उपयोग नाही. वाचून दाखवणारे साधन माझ्याकडे आधीच आहे आणि ते मला हवे तसे मी लावून घेतले आहे. उलट असे प्लगिन कधीकधी माझी बटणेच पळवते. ब्लॉगवाल्याला मात्र वाटते की सुलभतेचे काम उरकले.

एक गोष्ट दोन्ही बाजूंनी सोडली आहे: थीम. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे ही फॅशन अजून जात नाही. साध्या आकाराच्या मजकुराला निदान ४.५ ला १ एवढा रंगभेद हवा असे डब्ल्यूसीएजी या वेबसुलभतेच्या नियमावलीत स्पष्ट आहे. कमी दिसणाऱ्या माझ्या ओळखीच्या माणसांना सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो.

सर्व्हरवाला

@कानसेन, तुमचा प्रतिसाद वाचून सुलभतेच्या त्या तयार प्लगिनांबद्दलचे माझे मत बदलले. ती मी यापुढे कुणाला सुचवणार नाही. पण लिहिणाऱ्याला टोकणारी प्लगिनही असतात: चित्राला पर्यायी मजकूर नाही, हेडिंगची पातळी चुकली, असे लेख लिहायच्या एडिटरमध्येच सांगणारी. ती मी ठेवेन. माणूस विसरतो आणि त्याला आठवण करून द्यायला कुणीतरी लागते.

स्वल्पविराम

त्याला माझीही हरकत नाही. ते प्लगिन लेखकाला शिकवते, वाचकाच्या वाटेत येत नाही.

सुरक्षेचा मुद्दा राहिला होता. प्लगिन सुरक्षा देतात तशी भोकेही पाडतात. २०१७ मध्ये डिस्प्ले विजेट्स नावाचे लोकप्रिय प्लगिन नव्या मालकाकडे गेले, त्यात मागचे दार (छुपा प्रवेश देणारा कोड) घातले गेले आणि शेवटी ते भांडारातून काढावे लागले. ज्यांनी विश्वासाने अपडेट घेतले त्यांच्या ब्लॉगवर स्पॅम मजकूर येऊ लागला. म्हणून प्रत्येक प्लगिनच्या पानावर शेवटचे अपडेट कधीचे आहे आणि कुठल्या आवृत्तीपर्यंत तपासलेले आहे, ते बघितल्याशिवाय हात लावू नये.

नवा_गडी

दोन्हीकडचे पटले. माझ्याकडे प्लगिनची गर्दी आहे आणि काही काढायची आहेत. पण गॅलरीचे एक बंद केले तर लेखांत चौकोनी कंसातले विचित्र शब्द दिसायला लागले, म्हणून घाबरून पुन्हा चालू केले. काय करावे?

स्वल्पविराम

ते शॉर्टकोड. प्लगिन चालू असते तोवर त्या कंसाच्या जागी गॅलरी दिसते, बंद केले की नुसता कंस उरतो. चित्रे गेलेली नाहीत, ती मीडिया लायब्ररीत बघा, बहुधा सुरक्षित असतील. काही गॅलरी प्लगिन आपली चित्रे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात, तुमचे तसे असेल तर आधी ती लायब्ररीत आणून घ्या.

मग लेखांच्या यादीत जाऊन शोधाच्या चौकटीत तो कंसातला शब्द टाका. ज्या ज्या लेखांत तो आहे ते सगळे समोर येतील. एकेका लेखात कंसाच्या जागी वर्डप्रेसचा स्वतःचा गॅलरी ब्लॉक लावा, आणि लेख उघडलाच आहे तर चित्रांचा पर्यायी मजकूरही भरून टाका. यादी रिकामी झाली की प्लगिन बंद करा, काही दिवस ब्लॉग नीट चालतो का बघा आणि मगच ते हटवा. काही प्लगिन हटवताना आपला डेटाही पुसतात, म्हणून त्याआधी पूर्ण बॅकअप घ्या. त्यासाठी प्लगिन वापरलेत तरी माझी ना नाही.