मदत हवी आहे: रात्री माळावर सायकल चालवताना शेवटचा गडी मागे राहू नये म्हणून काय करता? (सातारा)

नमस्कार. प्रश्न खाली आहेत, पण आधी काय झालं ते लिहिते, म्हणजे सल्ला देणाऱ्याला नेमकं चित्र कळेल.

आम्ही साताऱ्यातले आठ जण, सगळ्यांकडे एमटीबी, म्हणजे कच्च्या रस्त्यावर चालणारी माउंटन बाइक. एरवी पहाटे यवतेश्वरचा घाट चढायचा, सांबरवाडीला चहा घ्यायचा आणि कामाच्या वेळेआधी घरी, असा आमचा नेम. यंदा कोजागरीला पहिल्यांदा रात्री निघालो. देगावच्या बाजूने पाटेश्वरच्या डोंगराच्या पायथ्याचे कच्चे रस्ते, पाणंदी, मधला मुरमाड माळ. चांदणं इतकं लख्ख होतं की चाकोरीतला दगडन्‌दगड दिसत होता. मैत्रिणीने थर्मासमधून आटीव दूध आणलेलं, ते माळावर बसून प्यायलो. तेव्हापासून ओढ लागली. एक शनिवार सोडून एक जातो. साधारण १८ किलोमीटर, त्यातले ११ कच्चे.

गेल्या शनिवारी चंद्र नव्हता. माझा भाचा दुसऱ्यांदाच आला होता. वय १७, पाय चांगले, सायकल चांगली. लाइट मात्र ऑनलाइन घेतलेला, ६०० रुपयांचा, खोक्यावर '१०,००० ल्युमेन' (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) छापलेलं. उतार लागला की प्रत्येकाचा वेग वेगळा होतो. पुढचे तिघे सुटले, मी चौथी, बाकीचे मागे. डांबरीला लागल्यावर मोजलं तर सात. परत मोजलं. सात.

फोन लागेना. दोघांना रस्त्यावर थांबवून आम्ही पाच जण उलटे चढलो. तो दीड किलोमीटर मागे सापडला, पाणंद दोन बाजूंना फुटते तिथे, बांधावर बसलेला. एकूण ३५ मिनिटं तो एकटा होता. लाइट आधी मंद झाला नाही, एका क्षणात गेला. त्याने ब्रेक दाबले, सायकल आडवी ठेवली आणि जागेवर बसला. मोबाइल ६ टक्क्यांवर होता म्हणून टॉर्चही लावला नाही. "आत्या, तुमचे लाइट खाली जाताना दिसत होते. मी ओरडलो, पण वारा होता," एवढंच म्हणाला.

मग मी सभोवती उजेड फिरवला. तो बसला होता तिथून बारा पावलांवर विहीर. कठडा नाही, काठावर घाणेरी माजलेली. आत उजेड पडला तसे पारवे फडफडले. दिवसा आम्ही त्या वाटेने चार वेळा गेलोय, पण विहीर कुणाच्याच नजरेत आली नव्हती.

त्याला काही झालं नाही. वहिनीला मी सगळं खरं सांगितलं. ती रागावली नाही, "पुढच्या वेळी तू त्याच्या मागे राहशील का?" एवढंच विचारलं. तेव्हापासून मला नीट झोप नाही. त्याला न्यायचं ते मीच ठरवलं होतं.

आता विचारायचं ते असं. आठ-दहा जणांचा गट अंधारात, उतारावर, एकत्र कसा ठेवता? सगळे एका वेगाने चालवणार नाहीत, हे मला माहीत आहे. दुसरं, ३००० ते ४००० रुपयांत असा लाइट मिळेल का जो सांगेल तेवढा चालेल? हेल्मेटवर लावायचा की हँडलवर? आणि तिसरं, १७ वर्षांच्या मुलाला रात्री न्यावं का? "नेऊ नका" असं मत असेल तर तेही स्पष्ट लिहा, मला राग येणार नाही.

प्रतिसाद १

ताई, मुलगा शहाणा आहे. लाइट गेल्यावर चालत सुटला नाही, हीच मोठी गोष्ट. त्याला तसं सांगा.

आम्ही कराडकडचे, आगाशिवच्या पायथ्याला फिरतो. आमची पद्धत सांगतो. सगळ्यात पुढे वाट माहीत असलेला आणि सगळ्यात मागे अनुभवी, ही दोन माणसं निघतानाच ठरतात आणि शेवटपर्यंत बदलत नाहीत. त्या मागच्या माणसाच्याही मागे कुणी राहायचं नाही, लघवीला थांबायचं असलं तरी त्याला सांगून. वाट फुटते तिथे पुढच्याच्या मागचा दुसरा गडी उतरून उभा राहतो आणि शेवटचा माणूस दिसेपर्यंत हलत नाही. शेवटचा आला की तो त्याच्या पुढे निघतो. पुढच्या फाट्याला तेव्हा जो दुसरा असेल तो उभा राहतो. असं केलं की कुणी कितीही वेगात जावो, फाट्यावर माणूस असतोच. वाट चुकत नाही आणि मोजणी आपोआप होते.

यात एकच गोष्ट पाळायला जड जाते. फाट्यावर उभं राहून कंटाळा येतो आणि "येतील मागनं" म्हणून गडी निघतो. ते एकदा झालं की सगळी रचना कोसळली. आमच्यात जो निघाला त्याला पुढचे दोन महिने रात्री नेत नाही.

प्रतिसाद २

लाइटबद्दल लिहितो, कारण माझं कामच बॅटऱ्यांचं आहे.

तो लाइट उघडा, आत बहुतेक १८६५० नावाचा सेल निघेल. त्यावर ९९०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) असं काही छापलं असेल तर तो सेल खोटा, बेधडक समजा. या आकाराच्या चांगल्यात चांगल्या सेलमध्ये ३५०० एमएएचच्या आसपास मावतं, त्याहून फार नाही. आता हिशेब करा. ३००० एमएएचचा खरा सेल म्हणजे साधारण ११ वॅट-तास, म्हणजे ११ वॅटचा दिवा तासभर. बऱ्या एलईडीतून एका वॅटला १०० ल्युमेनच्या आसपास उजेड मिळतो. म्हणजे खरे १००० ल्युमेन हवे असतील तर १० वॅट लागणार आणि एक सेल तासाभरात संपणार. १०,००० ल्युमेनला १०० वॅट लागतील, ते हाताच्या मुठीएवढ्या लाइटमध्ये फेरीभर मिळणं शक्य नाही.

एका क्षणात गेला त्याचंही कारण आहे. लिथियमचा सेल ठरावीक व्होल्टेजच्या खाली उतरला की आतलं संरक्षण सर्किट पुरवठा तोडतं. जुन्या बॅटरीसारखं पिवळं पडत पडत जाणं नाही. म्हणून चार्ज दाखवणारा दिवा असलेलाच लाइट घ्या, आणि घरी पूर्ण चार्ज करून, तुम्ही वापरता त्याच पातळीवर लावून, घड्याळ लावून बघा. जेवढा वेळ येईल त्याच्या दोन तृतीयांश वेळाचीच फेरी ठरवा.

तुमच्या पैशात दोन सेलचा, खरे ८०० ते १००० ल्युमेनचा हँडलचा लाइट बसेल. वर हेल्मेटला साधा हेडलॅम्प बांधा. दोन्ही हवेत. हँडलच्या उजेडात खड्ड्याची सावली पडते, त्यामुळे खोली कळते, पण हँडल सरळ असताना वळणाच्या आतलं दिसत नाही. डोक्यावरचा उजेड मान वळेल तिकडे जातो, पण डोळ्यांच्या रेषेतून पडतो म्हणून सावल्या पुसून टाकतो, दगड चपटे दिसतात. आणि एक गेला तर दुसरा असतो. शनिवारी तेच नव्हतं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल सेल काढला, त्यावर खरंच ९८०० लिहिलंय. फाट्यावर माणूस उभा करायची पद्धत गटात वाचून दाखवली. ज्यांना सगळ्यात पुढे जायची घाई असते त्यांनीच आधी हो म्हटलं, याचं बरं वाटलं.

एक शंका. उतारावर दोघांत अंतर किती ठेवायचं? जवळ राहिलं तर धूळ डोळ्यांत जाते, लांब राहिलं तर परत तेच.

प्रतिसाद ३

अंतराचं उत्तर वेगात आहे. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. अंधारात काही दिसून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत सेकंद-सव्वा सेकंद जातो, तेवढ्यात सहा-सात मीटर गेले. सुट्या मुरमावर थांबायला आणखी पाच-सहा. म्हणजे बारा-तेरा मीटरच्या आत पुढचा पडला तर तुम्ही त्याच्यावर. म्हणून पंधरा ते वीस मीटर ठेवा. पुढच्याचा लाल दिवा सतत दिसला पाहिजे आणि तो मंदच ठेवा, लुकलुकणारा नको, मागच्याला भोवळ येते. स्वतःचा मुख्य लाइट जिथपर्यंत पोचतो त्याच्या आत थांबता येईल, त्याहून वेग वाढवायचा नाही. थांबून बोलताना हेल्मेटचा लाइट खाली करा, समोरच्याचे डोळे सरावायला पुन्हा कितीतरी मिनिटं लागतात.

पण ताई, मला खरी भीती तुमच्या शेवटच्या डांबरी पट्ट्याची वाटते. ऊसतोड सुरू झालीय. दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याला जातात, कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. ओव्हरटेक करताना पहिली ट्रॉली संपली असं वाटतं आणि दुसरी निघते. डांबरीला लागल्यावर एका ओळीत या आणि ट्रॅक्टर दिसला तर सरळ खाली उतरून थांबा. माळावर पडलात तर खरचटेल. इथे तसं नाही.

प्रतिसाद ४

मी त्याच भागातला शेतकरी, सायकल फक्त दूध घालायला चालवतो. तुमचे लाइट आम्हाला गोठ्यातनं दिसतात. पहिल्यांदा वाटलं विहिरीवरची मोटार चोरायला आलेत, दोघं-तिघं काठ्या घेऊन निघालोबी होतो. गावातल्या कुणाला तरी आधी सांगत जा, की अमुक वाराला अमुक वेळेला आम्ही येणार. मग कुणी काय म्हणत नाही, उलट अडचण आली तर धावून येतील.

तार बघून जा. रानडुकरांसाठी बरेच जण झटका मशीनची तार ओढतात, गुडघ्याएवढ्या उंचीला, रात्रीच चालू असते. झटका मशीनचा नुसता दणका बसतो, पण कुणी कुणी थेट लाइनची वीज सोडतात, त्यानं माणूस मरतो. बांध ओलांडून पिकात शिरायचंच नाही. मेंढरं बसलेली दिसली तर सायकली हातात धरून, बोलत बोलत, लांबनं जा. धनगराची कुत्री चाकामागं धावतात, चालणाऱ्या माणसाला बहुतेक सोडतात.

ती विहीर कुणाची ते कळलं मला. मालकाला सांगतो, काटेरी फांद्या तरी टाकेल.

प्रतिसाद ५

एवढा त्रास कशाला? वर कासकडे जा की. मोकळं पठार, विहीर नाही, ऊस नाही, तार नाही.

प्रतिसाद ६

कृपा करून नको. कासचा सडा (वरचं उघडं पठार) म्हणजे जांभ्याच्या दगडावर वीतभरसुद्धा नसलेली माती. फुलं त्याच मातीत धरतात, एका चाकाचा चर पडला की पुढच्या पावसात तिथून माती वाहून जाते. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात कास आहे. रस्त्यावरून सायकलने जरूर जा, पण सड्यावर चाक घालू नका, दिवसाही नाही. शिवाय त्या बाजूला रात्री गवे असतात. गवा वाटेत दिसला तर थांबायचं, लाइट खाली करायचा, त्याला जायला वाट मोकळी ठेवायची.

ताईंसाठी: साप चावल्यास काय करायचं ते आठही जणांना पाठ हवं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघंही आपल्याकडे आहेत. बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. चावलेला पाय हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही, १०८ ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना. मण्यारचा दंश दुखतही नाही, म्हणून "काही होत नाहीये" म्हणून थांबू नका. पंक्चर काढायला बसताना आधी उजेड फिरवून जागा बघा. १७ वर्षांच्या मुलाबद्दल माझं मत: न्या, पण दोन लाइट, शिट्टी आणि भरलेला फोन असेल तरच.

धागाकर्ती

शेतकरीदादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आम्ही इतक्या वेळा तिथून गेलो आणि गावात कुणाशी एक शब्द बोललो नाही, ही चूक आमची. रविवारी सकाळी मी आणि भाचा दोघं गावात येऊन भेटतो, तुमची हरकत नसेल तर.

कास बाद. ठरलं ते असं: पुढच्या पाळीला रात्रीची फेरी नाही. त्याऐवजी त्याच वाटेवर दिवसा, पायी, आणि प्रत्येक विहीर, तार, फाटा कागदावर उतरवून घेणार. रात्रीची फेरी त्यानंतर. मागे मी राहीन. भाचा माझ्या पुढे. वहिनीलाही तसंच सांगितलं, ती म्हणाली त्याची शिट्टी मी आणते.

लाइट अजून घ्यायचाय. कुणाचा दोन सेलचा जुना, पण तपासलेला असेल तर सांगा.

प्रतिसाद २

माझ्याकडे एक पडून आहे, दोन सेलचा. काल घड्याळ लावून बघितला, मधल्या पातळीवर २ तास १० मिनिटं चालला. शाहूनगरात राहतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पैशाचं नंतर बघू, आधी त्याच्या हँडलला क्लॅम्प बसतो का ते बघा. हँडलची जाडी मोजून आणा, काहींची मधे ३१.८ मिलिमीटर असते, काहींची ३५.

धागाकर्ती

व्यनि केला. मोजलं, ३१.८ आहे.