लंडनहून यॉर्क: निवांत एक दिवस

प्रश्न (सांगली): आई-आप्पांना घेऊन सकाळी जाऊन रात्री परत यायचंय. आप्पांचे गुडघे दुखतात. काय बघावं?

उत्तर: लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनहून थेट गाडी, सुमारे दोन तास. अ‍ॅडव्हान्स तिकीट स्वस्त, पण ठरलेल्याच गाडीला चालतं. म्हणून परतीची गाडी उशिराची घ्या. यॉर्क स्टेशनजवळच रेल्वे म्युझियम, प्रवेश मोफत. १९३८ साली ताशी १२६ मैल धावलेलं मॅलार्ड इंजिन जरूर बघा, आप्पा रमतील.

उत्तर: शहराची तटबंदी पूर्ण फिरू नका. बूथम बार ते मंक बार (‘बार’ म्हणजे इथे वेस) एवढाच तुकडा करा, मिन्स्टर (यॉर्कचं मोठं चर्च) तिथून फार सुंदर दिसतं. पायऱ्या मात्र चढाव्या लागतात. आप्पांना खालीच बसू द्या.

उत्तर: बराच पाऊस झाला असेल तर ऊझ नदीकाठची वाट टाळा, आपल्या कृष्णेसारखी तीही काठ सोडते. मिन्स्टरला तिकीट आहे, पण संध्याकाळच्या प्रार्थनेला मोफत बसता येतं.