मदत हवी आहे : मंडळाचं कूपन की लॉटरी?

नमस्कार मंडळी. बेळगावात आमच्या गल्लीच्या गणपती मंडळाची ५० रुपयांची ६०० कूपनं निघालीत. पहिलं बक्षीस सायकल, मग चार कुकर. दोन कूपनं घेतली तर सायकलीची शक्यता ३०० त १, बरोबर ना?

मामा म्हणतात, त्यापेक्षा महाराष्ट्रात जाऊन लॉटरी काढ (कर्नाटकात २००७ पासून बंदच). पण ४९ आकड्यांतले ६ जुळवायचे म्हटले तर १,३९,८३,८१६ जोड्या होतात, मामा!

अडलंय वेगळीकडेच. न खपलेल्या कूपनांच्या चिठ्ठ्याही डब्यात पडतात; गेल्या वर्षी एक कुकर चक्क मंडळालाच लागला. समजा ४०० च खपली, तर भागायचं ६०० नं की ४०० नं? आणि न खपलेली चिठ्ठी निघाल्यावर पुन्हा काढली तर?